जवसाचं तेल: प्रकार कोणता घ्यावा आणि फायदा नेमका कशाचा?

प्रश्न असा आहे: जवसाच्या तेलाच्या बाटल्यांवर कोल्ड प्रेस्ड, व्हर्जिन, रिफाइंड, हाय लिग्नन असं काय काय लिहिलेलं असतं, कॅप्सूल वेगळ्याच. यातलं कोणतं घ्यावं? आणि हृदय, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, त्वचा, बद्धकोष्ठता यांवर जे फायदे सांगतात, त्यातलं खरं किती?

आहारतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो, आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुतेकदा बाटली आधीच आलेली असते. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगते. या तेलात घेण्यासारखी मोठी गोष्ट एकच आहे: अल्फा लिनोलेनिक आम्ल, म्हणजे एएलए. हे वनस्पतीजन्य ओमेगा ३. जवसाच्या नावावर जमा असलेले बाकीचे बरेच फायदे दाण्याचे आहेत, तेलाचे नव्हेत. आणि जे एएलए तुम्ही विकत घेतलं ते पोटात जाईपर्यंत शाबूत राहतं का, हे बाटलीवरच्या प्रकारापेक्षा तेलाच्या ताजेपणावर ठरतं.

दाण्यात साधारण ३५ ते ४५ टक्के तेल असतं. दाणा दाबला की तेल एका बाजूला येतं आणि पेंड दुसऱ्या बाजूला. तंतू, प्रथिनं, पाण्यात फुगणारं बुळबुळीत द्रव्य आणि लिग्नन (इस्ट्रोजेनशी थोडं साम्य असलेलं वनस्पतीजन्य द्रव्य) हे सगळं पेंडीबरोबर जातं. तेलात उरतात ती मुख्यतः मेदाम्लं: निम्म्याहून थोडं जास्त एएलए, १५ टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक म्हणजे ओमेगा ६, २० टक्क्यांच्या आसपास ओलेइक म्हणजे ओमेगा ९, आणि १० टक्क्यांच्या आत-बाहेर संपृक्त मेद. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १४ ग्रॅम तेलात, ७ ग्रॅमच्या आसपास एएलए आणि १२० कॅलरी मिळतात. प्रौढ पुरुषाची दिवसाची गरज १.६ ग्रॅम आणि स्त्रीची १.१ ग्रॅम धरली जाते. म्हणजे एक छोटा चमचाही गरजेपेक्षा जास्तच देतो. तरी लोक दोन-दोन मोठे चमचे पितात आणि मग पोट बिघडल्याची तक्रार घेऊन येतात.

हे एएलए शरीर स्वतः बनवू शकत नाही, ते आहारातूनच यावं लागतं. पण माशाच्या तेलातली ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा ३ आणि एएलए यांना एकच समजू नका. शरीर एएलएपासून ईपीए बनवतं, पण फार कंजूषपणे: पाच-दहा टक्क्यांच्या घरात, अनेकांत त्याहूनही कमी. डीएचएपर्यंत तर एक टक्काही पोचत नाही. तरुण स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेनमुळे हे प्रमाण थोडं बरं असतं. शिवाय हे रूपांतर करणारी विकरं (एन्झाइम) ओमेगा ६ वरही तीच काम करतात. त्यामुळे आहारात ओमेगा ६ ची तेलं भरमसाट असतील तर एएलएच्या वाट्याला विकरं कमी येतात. अशा वेळी जवसाचं तेल वाढवण्यापेक्षा ते दुसरं तेल कमी केलेलं जास्त उपयोगी पडतं. ज्यांना डीएचएच हवं आहे आणि मासे चालत नाहीत, त्यांच्यासाठी सागरी शेवाळापासून काढलेलं तेल आहे. जवसाचं तेल त्याची जागा घेत नाही, कितीही प्यालात तरी.

आता प्रकार. कोल्ड प्रेस्ड किंवा व्हर्जिन म्हणजे दाणा न भाजता, बाहेरून उष्णता न देता दाबून काढलेलं तेल. यंत्रात घर्षणानं उष्णता होतेच, पण ती साधारण ५० अंश सेल्सिअसच्या खाली राखतात. असं तेल सोनेरी पिवळं असतं, दाण्याचा वास राखून असतं आणि त्यात गॅमा टोकोफेरॉल हे ई जीवनसत्त्वाच्या कुटुंबातलं संरक्षक द्रव्य टिकून राहतं. लाकडी घाण्यावर सावकाश काढलेलं तेलही याच वर्गातलं. मात्र घाणा लाकडी आहे एवढ्यावर तेल चांगलं ठरत नाही. घाण्यात आलेला दाणा जुना, फुटका किंवा ओलसर असेल तर तेल बाटलीत भरतानाच अर्धं बिघडलेलं असतं.

दाणा भाजून किंवा वाफवून गरम दाबला की तेल जास्त निघतं, रंग गडद येतो आणि वासही खमंग लागतो. चवीला ते अनेकांना आवडतं. टिकाऊपणाचा भरवसा मात्र मी त्यावर ठेवत नाही.

रिफाइंड तेलाची तऱ्हा वेगळी. पेंडीत राहिलेलं तेल हेक्झेनसारख्या द्रावकानं काढतात, मग त्यातला चिकटपणा आणि रंग काढतात आणि शेवटी २०० अंशांच्या वर वाफ देऊन वास उडवतात. हाती येतं ते फिकट, गंधहीन तेल. एएलए त्यात असतंच, पण टोकोफेरॉलचा काही भाग गेलेला असतो आणि तीव्र उष्णतेत एएलएच्या काही रेणूंचं ट्रान्स या अपायकारक रूपात रूपांतर झालेलं असतं. ‘रिफाइंड आहे, मग तळायला चालेल’ हा गैरसमज फार पसरलेला आहे. गाळून, धुऊन मेदाम्लं बदलत नाहीत. शुद्धीकरणानं धूर यायचं तापमान वाढेल, पण तापल्यावर बिघडणारं एएलए त्यात तेवढंच आहे. कोल्ड प्रेस्ड तेल तर १०७ अंशांच्या सुमारासच धूर सोडू लागतं. म्हणून कुठल्याही प्रकारचं जवस तेल कढईत नको. अन्न शिजून ताटात आलं की वरून घालावं, किंवा गार पदार्थात मिसळावं.

‘हाय लिग्नन’ लिहिलेल्या बाटलीत तळाशी गाळ दिसेल. लिग्नन तेलात विरघळत नाही, म्हणून तेल काढल्यावर दाण्याचा बारीक भुगा परत मिसळतात आणि बाटली हलवून घ्यायला सांगतात. त्यात फसवणूक नाही, पण एका चमचा तेलातला भुगा तो केवढा! लिग्ननच हवं असेल तर दळलेला जवस खा, ते स्वस्तही पडतं आणि भरपूरही. त्यातलं लिग्नन आतड्यातले जीवाणू एंटेरोडायोल आणि एंटेरोलॅक्टोन या रूपांत आणतात आणि तीच रूपं पुढे रक्तात जातात.

कॅप्सूलमध्ये हवा लागत नाही, चव लागत नाही, प्रवासात सोयीचं पडतं. १००० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलमधून सुमारे ५०० मिलिग्रॅम एएलए मिळतं, म्हणजे एका छोट्या चमच्याची बरोबरी करायला चार-पाच लागतात. तोटा असा की आतलं तेल खवट झालं तरी गिळणाऱ्याला कळत नाही. नवी डबी उघडली की त्यातली एक कॅप्सूल दातानं फोडून चव घ्या, एवढं मी सगळ्यांना सांगते. ‘ओमेगा ३-६-९’ असं मिश्रण असेल तर सरळ बाजूला ठेवा. ६ आणि ९ ची कमतरता सहसा कुणालाच नसते. त्यांचे पैसे उगाच कशाला मोजायचे?

तपकिरी जवसाचं तेल की सोनेरी जवसाचं, यावर लोक वाद घालतात. पोषणाच्या दृष्टीनं त्यात फारसा फरक नाही. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेनं जवसाचं असं वाण तयार केलं ज्यात एएलए जेमतेम दोन-तीन टक्के आहे आणि लिनोलेइक आम्ल भरपूर. ते लिनोला किंवा सोलिन या नावांनी ओळखलं गेलं. उद्देश चांगला होता, स्वयंपाकात टिकणारं तेल मिळावं हा. त्याचाही दाणा पिवळाच. उलट टोकाला ६५ टक्क्यांहून जास्त एएलए देणारी वाणंही आहेत. तेव्हा दाण्याचा रंग पाहू नका. लेबलवर दर चमच्यामागे एएलए किती ग्रॅम लिहिलं आहे ते वाचा. आकडाच दिलेला नसेल तर दुसरी बाटली घ्या.

राहिला तो प्रकार जो पोटात जाताच कामा नये. रंगकामासाठी मिळणारं ‘रॉ’ तेल खाण्याच्या दर्जाचं नसतं. ‘बॉइल्ड’ लिनसीड ऑइलमध्ये (लिनसीड म्हणजे जवसच) तर लवकर वाळावं म्हणून कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार घातलेले असतात. नावात उकळणं असलं तरी हल्ली ते बहुधा उकळलेलं नसतं, रसायनं मिसळलेलं असतं. ‘स्टँड ऑइल’ म्हणजे हवा लागू न देता तापवून दाट केलेलं, चित्रकारांच्या कामाचं. डब्यावर ‘१०० टक्के शुद्ध’ लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं, पण ती शुद्धता लाकडाला लावण्यासाठीची. माझ्याकडे एका गृहस्थांनी असा डबा आणून ‘हे दिवसातून किती घेऊ’ असं विचारलं आहे. सांध्यांना चोळायलाही तो नको.

या औद्योगिक तेलाची आठवण काढण्याचं कारण आहे. जो गुण रंगाला हवा तोच खाण्याच्या तेलाचा शत्रू आहे. एएलएच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि ऑक्सिजन त्यांच्या मधल्या जागा गाठतो. ओलेइक आम्लाच्या मानानं एएलएचं ऑक्सिडीकरण वीस-पंचवीसपट वेगानं होतं. त्यातून रेणू एकमेकांत गुंतत जातात, तेल घट्ट होतं, वाळतं. या क्रियेत उष्णताही निघते. तेलानं भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर ती उष्णता आत साठते आणि फडकी आपोआप पेटतात. १९९१ मध्ये फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या गगनचुंबी इमारतीला लागलेली आग अशाच फडक्यांपासून सुरू झाली होती. तीन अग्निशमन जवान त्यात मृत्युमुखी पडले. तुमच्या बाटलीत हीच क्रिया होत असते, फक्त सावकाश.

ती पाहायची असेल तर काही आठवडे वापरात असलेल्या बाटलीचं झाकण काढा आणि तोंडाच्या आट्यांवरून बोट फिरवा. नव्या बाटलीत बोट नुसतं तेलकट होतं. जुनीत तिथं पिवळसर चिकट थर लागतो, नखानं खरवडला तर गोंदासारखा सुटून येतो. एवढ्यानं आतलं तेल फेकायचं नसतं, कारण आट्यांवर तेलाचा पातळ थर उघड्या हवेत असतो. पण तो थर दर वेळी पुसून घ्या, नाहीतर त्यातलं खवट तेल प्रत्येक ओतण्याबरोबर चमच्यात उतरतं.

आतल्या तेलाची परीक्षा नाकाला आणि जिभेला करू द्या. अर्धा चमचा तेल जिभेवर पसरवून क्षणभर थांबा. ताज्या तेलाला सौम्य, दाण्याची, थोडी हिरव्या गवतासारखी चव असते. नंतर घशाशी कडवटपणा जाणवला तर घाबरू नका. जवसात सायक्लोलिनोपेप्टाइड नावाची छोटी वलयाकार पेप्टाइडं असतात. त्यांतल्या एकाचं ऑक्सिडीकरण झालं की ते कडू लागतं, आणि हे तेल खवट होण्याच्या बरंच आधी, काही आठवड्यांतच घडू शकतं. कडू म्हणजे तेल अगदी ताजं नाही, एवढंच. पण खिडकीच्या काचेला लावायच्या लांबीचा, रंगाच्या डब्याचा किंवा शिळ्या माशाचा वास आला तर ते तेल गेलं. लांबी जवसाच्याच तेलात मळतात, म्हणून तो वास नेमका तिच्यासारखा असतो. ज्यांना आकडे हवेत त्यांनी पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे तेलाचं ऑक्सिडीकरण किती झालंय याचं माप, विचारावी. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकात कोल्ड प्रेस्ड तेलांना ती किलोमागे १५ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत आणि रिफाइंड तेलांना १० पर्यंत चालते. चांगल्या ताज्या तेलात ती यापेक्षा खूपच खाली असते.

म्हणून खरेदीचा माझा क्रम असा असतो: काढल्याची तारीख, गडद काचेची किंवा अपारदर्शक बाटली, लहान आकार, दुकानातही थंड जागी ठेवलेली, आणि सगळ्यात शेवटी ‘कोल्ड प्रेस्ड’ हे शब्द. पारदर्शक बाटलीत उन्हाच्या तिरिपेत ठेवलेलं महागडं व्हर्जिन तेल मी घेणार नाही. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि उघडल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत संपवा. जास्तीची बाटली फ्रीजरमध्ये टाकली तरी चालते. हे तेल उणे २० अंशांच्याही खाली गेल्यावर गोठतं, त्यामुळे घरच्या फ्रीजरमध्ये ते द्रवच राहतं, फार तर थोडं दाट होतं.

आता फायद्यांकडे. इथे दाणा आणि तेल यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. रक्तदाबाचं उदाहरण घ्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या फ्लॅक्सपॅड चाचणीत पायांच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या ११० रुग्णांपैकी काहींना रोज ३० ग्रॅम दळलेला जवस सहा महिने दिला. वरचा रक्तदाब तुलनेच्या गटापेक्षा सुमारे १० अंकांनी आणि खालचा सुमारे ७ अंकांनी कमी राहिला. हा परिणाम खरोखर मोठा आहे. पण तो दाण्याचा, आणि हीच चाचणी पुढे तेलाच्या जाहिरातीत वापरली जाते. तेलाच्या बाजूनं काहीच नाही असं नाही. ग्रीसमधल्या एका चाचणीत रक्तातले मेद बिघडलेल्या मध्यमवयीन पुरुषांना बारा आठवडे रोज सुमारे ८ ग्रॅम एएलए जवसाच्या तेलातून दिलं, तेव्हा करडईचं तेल घेणाऱ्यांपेक्षा त्यांचा रक्तदाब कमी झाला. पण ती चाचणी लहान होती. त्या जोरावर मी कुणाची रक्तदाबाची गोळी कमी करायला सांगणार नाही.

कोलेस्टेरॉलचंही तेच. २००९ मध्ये २८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा अख्ख्या जवसानं आणि लिग्ननानं एकूण आणि एलडीएल (म्हणजे ‘वाईट’) कोलेस्टेरॉल थोडं उतरलं, तेलानं उतरल्याचं दिसलं नाही. युरोपीय संघात दिवसाला २ ग्रॅम एएलए मिळत असेल तर ‘कोलेस्टेरॉल सामान्य राखायला मदत’ असा दावा करायला परवानगी आहे. त्याचा व्यवहारातला अर्थ मी असा घेते: लोणी किंवा इतर संपृक्त मेद काढून त्या जागी हे तेल आलं तर फायदा. आधीचं सगळं तसंच ठेवून वर एक चमचा ओतला तर वाढतात त्या कॅलरी.

हृदयविकारासाठी नेदरलँड्समधली अल्फा ओमेगा चाचणी पाहण्यासारखी आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, ६० ते ८० वयाच्या ४,८३७ रुग्णांना साधारण ४० महिने वेगवेगळी मार्गरिन (वनस्पती तेलांपासूनचे लोण्यासारखे पदार्थ) दिली. काहींत रोजचं २ ग्रॅम एएलए होतं. २०१० मध्ये निष्कर्ष आले: मोठ्या हृदयघटनांमध्ये एकूण लक्षणीय घट नाही. स्त्रियांच्या गटात एएलएनं प्रमाण खाली गेल्यासारखं दिसलं, पण संख्याशास्त्राच्या कसोटीला ते पुरतं उतरलं नाही. हे रुग्ण आधीच उत्तम औषधं घेत होते, हेही विसरू नये. आहारातून नियमित एएलए घेणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो असं लोकसंख्येवरची निरीक्षणं सांगतात, पण अशा माणसांचं बाकीचं खाणंपिणंही बरं असतं.

त्वचेबाबत एक लहान जर्मन चाचणी आहे, बारा आठवड्यांची, स्त्रियांवर केलेली. त्यात हे तेल पोटात घेतल्यावर त्वचेचा कोरडेपणा आणि हुळहुळेपणा कमी झाला. कोरड्या त्वचेसाठी छोटा चमचा तीन महिने करून पाहायला माझी हरकत नसते. बद्धकोष्ठतेवर तेल वंगण म्हणून थोडं काम करतं, पण मल बांधणारे आणि पाणी धरणारे तंतू पेंडीत गेलेत. तिथे दळलेला जवस आणि त्यासोबत भरपूर पाणी हाच उपाय. केस, वजन, पाळीच्या तक्रारी यांबाबत तेलाकडून फार आशा धरू नका.

कर्करोगाविषयी स्पष्ट बोलायला हवं. योहाना बुडविग या जर्मन संशोधिकेनं १९५० च्या दशकात जवसाचं तेल आणि मऊ ताजं चीज यांचा आहार मांडला, आणि तो आजही कर्करोगावरचा इलाज म्हणून फिरतो. त्यानं कर्करोग बरा होतो हे दाखवणारी एकही नियंत्रित चाचणी नाही. त्याच्या नादानं उपचार लांबवलेला रुग्ण समोर आला की मला संताप आवरत नाही.

मग तेल घ्यायचं कुणी? दाणा चावून किंवा दळून खाणं जमत नाही, तंतूंनी पोट फुगतं, डॉक्टरांनी तंतू कमी करायला सांगितलेत, किंवा मासे-अक्रोड-जवस यांपैकी काहीच आहारात नाही, अशांना तेल सोयीचं आहे. एक छोटा चमचा, जेवणाबरोबर, पुरे. बाकीच्यांना माझा सल्ला दळलेल्या जवसाचाच असतो.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका, आणि शस्त्रक्रिया ठरली की तेल चालू असल्याचं त्यांना आधीच सांगा. बहुतेक जण आठवडा-दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. गरोदरपणात वेगळं पूरक म्हणून मी हे तेल देत नाही. कॅनडातल्या एका निरीक्षणात्मक अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटच्या दोन तिमाहींत ते घेणाऱ्यांमध्ये मुदतपूर्व प्रसूतीचं प्रमाण जास्त आढळलं होतं. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण धोका पत्करावा इतका फायदाही नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यांची जी भीती वाटते ती लिग्ननबद्दलची आहे. साध्या गाळलेल्या तेलात ते नावापुरतंच असतं, पण हाय लिग्नन तेल किंवा दाणा सुरू करण्यापूर्वी त्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलावं. जवसाची ॲलर्जी क्वचित असते, पण असली तर तीव्र असू शकते. पहिल्यांदा घेताना पाव चमच्यानं सुरुवात करा, आणि ओठ सुजले किंवा अंगावर गांधी उठल्या तर पुन्हा घेऊ नका. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा.